सात नंबरचा पाइप

नमस्कार मंडळी. या पानावरचे अनुभव मी दोन-अडीच वर्षं वाचतोय. पण खरं सांगतो, हसायला म्हणून वाचायचो. खोलीवर एकटाच असतो. जेवण झालं की मोबाईल घेऊन आडवा व्हायचं आणि कुणाला वळणावर बाई दिसली, कुणाच्या गाडीवर मागे कोण येऊन बसलं, असलं सगळं वाचायचं. मनात म्हणायचो, यांना कामधंदा नाही. आमच्या कोकणात भुतांची कमी नाही, पण लहानपणापासून इतकी ऐकली की एकही खरं वाटेनासं झालं.

आज मीच लिहायला बसलोय. माझं शिक्षण नववी नापास, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. आणि कुणी हसलं तर हसा, मीही हसायचोच की... मला राग येणार नाही.

माझं गाव सिंधुदुर्गात, कुडाळ तालुक्यात. सध्या राहतो जालन्याला, मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागे एका खोलीत. नववी सुटली तसा आंब्याच्या पेट्या ठोकल्या, गोव्यात हॉटेलात कपबश्या धुतल्या, पुण्यात इलेक्ट्रिकच्या दुकानात माल उचलला. त्या दुकानात आमचे शेठ यायचे, जालन्याचे. एक दिवस म्हणाले, “येतो का माझ्याकडं? बोलायला चांगला आहेस तू.” नववी नापास माणसाला बॅग देऊन साहेबलोकांसमोर बसवणारा दुसरा कोणी मला तरी भेटला नसता. त्यांचे उपकार आहेत, हे आधीच लिहून ठेवतो. कारण पुढे जे झालं त्यात त्यांचंही नुकसान झालं.

काम काय, तर मी फोम विकतो. गादीचा नाही. कारखान्यात केबल जमिनीखालून जातात, पाइपातून. पाइपात केबलच्या भोवती जागा उरते. त्या जागेतून पावसाळ्यात पाणी येतं, एरवी उंदीर येतात, आणि उंदराच्या मागे साप. थेट पॅनेलच्या खोलीत. आम्ही ती जागा फोमने बंद करतो. दोन औषधं असतात, बंदुकीसारख्या यंत्रात भरायची. नळीच्या टोकाशी ती एकत्र होतात आणि पाइपात गेली की उतू जाणाऱ्या दुधासारखी फुगतात. पाच मिनिटांत पावासारखं घट्ट. पाणी नाही, उंदीर नाही, वास नाही, वारा नाही... आवाजसुद्धा नाही.

माझ्या बॅगेत एक पारदर्शक नळी असते, मधे फोम भरलेली. गिऱ्हाइकासमोर त्या नळीत वरून पाणी ओतायचं आणि त्याच्याच कागदांवर उभी धरायची. थेंब पडत नाही. मग म्हणायचं, “आणि साहेब, सिमेंट एकदा भरलं की केबल बदलताना फोडावं लागतं. आपला फोम पाहिजे तेव्हा काढता येतो.” हे वाक्य मी हजारदा बोललो असेन. पाहिजे तेव्हा काढता येतो.

काम मी विकायचो आणि प्रत्यक्ष भरायलाही जायचो, उत्तमदादाबरोबर. उत्तमदादा म्हणजे आमचा वायरमन, पन्नाशीचा, पिंपळगाव रेणुकाईकडचा. जालन्यात आलो तेव्हा पहिले पंधरा दिवस मला झोपायला जागा त्यांच्या घरात होती. वहिनींनी मला ज्वारीची भाकरी खायला शिकवली. भात नाही म्हणून मी रडकुंडीला आलो तर तिसऱ्या दिवशी भात केला. हेही लिहून ठेवतो.

आता दादांची एक पद्धत समजून घ्या, कारण सगळं त्याच्यावर आहे. पाइपाचं एक टोक बाहेर अंगणात, जमिनीतल्या चेंबरमध्ये. दुसरं टोक आत पॅनेलच्या खोलीत. दोन्ही टोकं बंद करावी लागतात. पण दहा-बारा पाइप एकसारखे असले की बाहेरचा कुठला आणि आतला कुठला हे कळत नाही. चुकीची टोकं बंद झाली तर काम वाया. मग मी बाहेर चेंबरमध्ये गुडघ्यावर बसून पाइपात तोंड घालून ओरडायचं, “एक!” आतून दादा सगळ्या पाइपांना कान लावून बसलेले. ज्यातून आवाज आला त्यात तोंड घालून ते म्हणणार, “एक आला!” दोघांनी खडूने आकडा टाकायचा आणि फोम भरायचा. मग दुसरा. दादांचा नियम एकच — “जवाब आला की भर. जवाब आल्याबिगर बंदुकीला हात लावायचा न्हाई.”

दादांना मस्करीची भारी हौस. मला ते ‘कोकण्या’ म्हणतात. पाइपातून सरळ उत्तर देतील तर शपथ. कधी म्हणायचे, “कोण बोलून राह्यलं? साहेब मीटिंगमधी हाय.” कधी माझी भाषा काढायचे. कारण माझ्या आईचे फोन त्यांनी ऐकलेले.

आईबद्दल सांगायला हवं. माझी आई काजूच्या कारखान्यात बिया फोडते. आई म्हणजे नुसता आवाज. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे ती बोलली की पलीकडच्या वाडीतली गुरं मान वर करायची, असं लोक म्हणत. सकाळी उठल्यापासून तोंड चालू. कोंबडीशी बोलणार, चुलीशी बोलणार, रस्त्याने जाणाऱ्याला थांबवून बोलणार. वडील गेले त्या दिवशीसुद्धा ती त्यांच्याशी बोलत बसलेली. कारखान्यात मुकादम म्हणायचा, “बाये, वायच गप रव,” म्हणजे जरा गप्प बस. ती म्हणायची, “हात चलतत मा? मग तोंड चलला तर तुझा काय जाता?” आयुष्यात कोणाचं ऐकून ती गप्प बसलेली मला आठवत नाही.

माझी ताई आईजवळच राहते, तिच्या मोबाईलवरून आईचा फोन यायचा, दिवसातून दोनदा, तीनदा. शेजारणीची गाय व्याली. नारळ उतरवणारा आला नाही. तू जेवलास काय, काय जेवलास, त्या भाकरीत काय तरी असता काय... मला कामात वेळ नसायचा. आणि खरं सांगू का, नुसतं कामाचं नव्हतं. दोन वर्षं मी घरी गेलो नव्हतो. कशाला जायचं, हातात काय घेऊन जायचं, याची लाज वाटायची. ती ‘कधी येतंस’ विचारायच्या आतच मी म्हणायचो, “आये, कामात आसंय, मागीर करतंय फोन.” आणि नंतर करायचो नाही.

दादा मागे बसून ऐकायचे आणि मी फोन ठेवला की बारीक आवाज काढून, हेल काढून चालू — “रे बाबल्या, काय जेवलंस रे? भाकरी खाल्लंस?” बाबलो हे माझं घरातलं नाव. मी हसायचो. कधी चिडायचो. दादा म्हणायचे, “हसून राह्यलो रे, पर फोन करत जा तिला. माझी माय असती तर मी दिसभर ऐकत बसलो असतो.”

तर गेल्या हिवाळ्यात, कापसाचा सीझन ऐन भरात असताना, घनसावंगीच्या अलीकडे एका जिनिंगमध्ये मला काम मिळालं. नाव लिहीत नाही. जिनिंग म्हणजे जिथे कापसातली सरकी वेगळी काढतात. सगळीकडे कापूस. एक ठिणगी पडली तर संपलं. आणि आदल्या महिन्यात त्यांच्या पॅनेलमध्ये उंदीर शिरून जळाला होता, नशिबाने आग पसरली नाही. मॅनेजर साहेब मला म्हणाले होते, “आम्ही तर चिंध्या कोंबतो पाइपात. चिंध्या उंदीर घरला नेतेत. तुझा फेस नेला त मंग?” मी नळीत पाणी ओतून दाखवलं. त्यांनी नळी स्वतः धरून तीनदा उलटी केली. म्हणाले, “बराबर. एका खोलीचं करा. जमलं त दुसऱ्या शेडचं बी तुलाच.” दुसरं शेड मोठं होतं. शेठनी मला निघताना सांगितलं, “हे बिघडू देऊ नको.” मला आधीच काळजीचा स्वभाव. रात्रभर मी मनातल्या मनात पाइप मोजत होतो.

सकाळी दादांच्या मोटारसायकलवरून अंबडमार्गे गेलो. पोचलो, चेंबरचं झाकण काढलं. आत बारा पाइप, चार-चारच्या तीन ओळी. दादा आत गेले. मॅनेजर साहेबही आत, खुर्ची टाकून बसले. मी हातमोजे घातले आणि फोन बॅगेत टाकला. फोम चालू असताना मी फोन घेत नाही. मिनिटभर थांबलं तरी औषध नळीतच घट्ट होतं, आणि हाताला लागलं तर निघत नाही.

एक आला. दोन आला. तिसऱ्याला दादा म्हणाले, “कोकण्या, मासा पाठव इकडून एखादा.” चौथ्याला माझ्या आईचा आवाज काढला — “रे बाबल्या, थंडी वाजता काय?” त्या दिवशी मला मस्करी नको होती. आत मॅनेजर बसलेत, ते काय म्हणतील! मी ओरडलो, “दादा, नीट सांगा ना.” पाच आला. सहा आला.

सातवा पाइप रिकामा होता. केबल नव्हती त्याच्यात. तसे असतात, पुढे लागला तर म्हणून टाकलेले. तोही बंद करायचाच असतो. मी तोंड घातलं आणि म्हणालो, “सात!”

उत्तर नाही.

पुन्हा म्हणालो, “सात!”

वेळ सकाळी अकराच्या आसपासची. पाठीवर ऊन होतं. बाहेर कापसाचे ट्रॅक्टर लागलेले, एकाने हॉर्न धरून ठेवलेला. भीतीची वेळ नव्हती, जागा नव्हती, काही नव्हतं. मी कान पाइपाला लावला. आणि आतून, अगदी कानाला लागून, आवाज आला.

“रे बाबल्या... ऐकतंस मा? माका तुझ्याकडे वायच बोलूचा होता.”

मला राग आला. एवढंच आलं मनात, राग. दादांनी आज हद्द केली, वाटलं. आवाज हुबेहूब होता, पण मी म्हटलं, रोज ऐकून ऐकून जमलाय त्यांना. मी पाइपात तोंड घातलं आणि ओरडलो, माझ्याच भाषेत, कारण त्यांनी माझ्या भाषेत सुरू केलेलं —

“पुरे झाला! आता गप रव!”

मग आतून, हळू —

“बरा.”

जवाब आला होता. मी खडूने सात लिहिला, स्पंजचा बोळा आत सारला आणि बंदुकीचा खटका दाबला. फोम भरताना बारीक सूं आवाज येतो. तो थांबला. पाइप भरला.

मग आठ. “आठ आला!” दादांचा आवाज, नेहमीचा, जाडा. नऊ, दहा, अकरा, बारा. झालं.

दादा पंच्याने हात पुसत बाहेर आले. म्हणाले, “किती भरले रे?”

“बारा.”

“बारा कुठून आणले? आत अकराच हायेत.”

मी म्हटलं, “दादा, पुरे आता. सातला किती वेळ लावलात. आणि मॅनेजर साहेबांसमोर आईचा आवाज काढायचा?”

दादांनी पंचा खांद्यावर टाकला. “सातला आवाजच न्हाई आला मला. सहा झाला, मंग तू डायरेक्ट आठ म्हणला. मी म्हणलं कोकण्याचं मोजणं चुकलं, अन् आठ लिहिला.”

“खोटं नका बोलू.”

तेवढ्यात मॅनेजर साहेब मागून आले. म्हणाले, “ते काय खोटं बोलून राह्यले? माझ्यापुढंच तर बसेल होते. सहा झाल्यावर तंबाखू मळली, मला दिली. एक शब्द न्हाई बोलले.”

मी आत जाऊन मोजले. अकरा. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ... खडूचे आकडे दादांच्या हातचे. सात नंबरच्या पाइपाला आतलं टोकच नव्हतं. मॅनेजर म्हणाले, बांधकामवाल्याने अर्ध्यात सोडला असेल, पुढं मातीच असेल. मी म्हटलं असेल. दुसरं काय म्हणणार!

बॅगेतून फोन काढला. ताईचा एक मिस्ड कॉल होता. अकराला दोन कमी. आणि मंडळी, तरीही मी तेव्हा फोन लावला नाही. मनात म्हटलं, मागीर करतंय. मॅनेजरनी चहा मागवला, चेंबरमध्ये पाणी सोडून बघितलं, आत थेंब आला नाही, सगळे खूश. जालन्याला पोचून खोलीवर आलो तेव्हा चार वाजले. तेव्हा लावला.

ताई रडत होती. “बाबल्या, आये बोलत नाय रे.”

“म्हणजे?”

“सकाळधरना. तोंडातना आवाजच येत नाय.”

मी विचारलं, कधीपासून, कशी. ताईने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. त्या दिवशी आई कामावर गेली नव्हती. सकाळपासून म्हणत होती, बाबल्याक फोन लाव. ताईने लावून तिच्या हातात दिला. रिंग जात होती. आईने कानाला धरला आणि बोलायला लागली — “रे बाबल्या, ऐकतंस मा? माका तुझ्याकडे वायच बोलूचा होता.” ताईला वाटलं, मी उचलला. मग आई थांबली. पलीकडून कोणी काही बोललं की माणूस जसं ऐकतं, तशी. तिचा चेहरा पडला, ताई म्हणाली. मग म्हणाली, “बरा.” आणि फोन ताईकडे दिला.

तो शेवटचा शब्द.

ताईने मला विचारलं, “तू काय बोललंस तिका?”

मी म्हटलं, “मी फोन उचललोच नाय.”

आणि हे खरं आहे. माझ्या फोनवर मिस्ड कॉल आहे. ताईच्या फोनवरही तसंच, कॉल उचललेला नाही, एक सेकंदही नाही. तो स्क्रीनशॉट मी अजून ठेवलाय.

दुसऱ्या दिवशी निघालो. जालना ते मुंबई, तिथून कोकणची गाडी. घरी पोचलो तर आई अंगण झाडत होती. मला बघून झाडू टाकला, आली, गालावरून हात फिरवला. तोंड उघडलं, मिटलं. मी म्हटलं, “आये, बोल.” ती नुसती मान हलवायची.

कुडाळला डॉक्टर, मग गोव्याला मोठ्या दवाखान्यात. घसा बघितला, डोक्याचा फोटो काढला. सगळं नॉर्मल. लकवा नाही, गाठ नाही. एक डॉक्टर म्हणाले, मानसिक धक्का असेल, काही झालं होतं का घरात? मी काय सांगणार! पण त्यांनाही एक गोष्ट कळली नाही. आई खोकली तरी आवाज येत नाही. शिंकली तरी नाही. मी रात्री तिच्याशेजारी झोपलो, ती घोरायची पूर्वी, सगळी वाडी हसायची. आता काही नाही. तिच्या नाकाशी हात धरून बघितलं, श्वास आहे की नाही म्हणून.

काय बोलायचं होतं ते लिहून दे म्हणायची सोय नाही. आई शाळेत गेलेली नाही. तिला सही येते, तीसुद्धा मीच शिकवलेली. मी एकेक गोष्ट विचारत गेलो. जमिनीचं काय? दुखत होतं काय? घरी ये म्हणायचं होतं? ती प्रत्येकाला मान हलवायची, नाही. मग थकायची आणि चुलीकडे जायची.

आठ दिवसांनी परत आलो आणि सरळ दादांकडे गेलो. सगळं सांगितलं. आधी सांगितलं नव्हतं, वेडा म्हणतील म्हणून. दादांच्या घरात देव्हारा नाही, बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो आहे, आणि अंगारेधुपारे, देवऋषी म्हटलं की दादांचं डोकं फिरतं. मला वाटलं, आता शिव्या घालणार. ते तंबाखू मळत बसले. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “आवो, बोला की काहीतरी त्याला.”

दादा म्हणाले, “हे बघ, मी असलं मानत न्हाई. बिलकुल न्हाई. पर तुझ्या मायचा आवाज मी काढायचो, हे बी खरं हाय. मी काढला नसता त तुला कळलं असतं, हे कोण बोलून राह्यलं.” मग उठले. “चल. फोम काढता येतो म्हणून सांगत फिरतो ना तू? चल, काढू.”

पण ते सोपं नव्हतं. चांगलं झालेलं काम का उकरायचं? मॅनेजर साहेबांना मी काय सांगू? रस्ताभर विचार केला आणि तिथे जाऊन म्हणालो, “साहेब, सात नंबरचं माझ्याकडून चुकलंय. परत करावं लागेल.”

“म्हंजे तुमचा माल खराब?”

दुसरं शेड माझ्या डोळ्यांसमोर होतं. शेठ होते. मी म्हटलं, “माल चांगला आहे, साहेब. मी चुकलो.”

ते म्हणाले, “एकात चुकला त बाकी अकरांचा काय भरोसा? काढ बाबा तुझं काय काढायचं ते. दुसऱ्या शेडचं मंग बघू.” ते ‘बघू’ कसलं असतं ते विकणाऱ्याला कळतं. शेठ नंतर मला खूप बोलले. पण कामावरून काढलं नाही. असे लोक आहेत म्हणून मी आहे.

चेंबरमध्ये उतरलो. करवतीच्या पात्याने फोम कापला, तुकडे ओढून काढले, स्पंज काढला. प्रत्येक तुकडा उलटसुलट करून बघितला. काय शोधत होतो कोण जाणे. नुसते बुडबुडे. दादांनी लांब सळई घातली. दोन हात गेली आणि टेकली. माती. पुढे पाइपच नाही. सगळा मिळून तीन-साडेतीन फुटांचा बंद तुकडा, आणि त्याच्यातून मी माझ्या आईला ऐकलं होतं.

मी गुडघ्यावर बसलो, तोंड घातलं. दादा बाजूला झाले. मी म्हटलं, “आये, मी चुकलंय. माका वाटला दादा मस्करी करता. तू बोल. काय बोलूचा होता ता बोल.”

माझाच आवाज मातीवर आपटून परत आला. पुन्हा म्हटलं. कान लावला. कितीदा केलं माहीत नाही. ट्रॅक्टरवाले जमा झाले, कोणीतरी हसलं, दादांनी त्याला हाकललं. ताईला फोन करून आईच्या कानाला लावायला सांगितलं आणि फोन पाइपाच्या तोंडाशी धरला. नंतर ताईला विचारलं, “काय झाला?” ताई म्हणाली, “काय नाय. ऐकता नुसती.”

शेवटी दादा मला हाताला धरून वर घेऊन आले. तो पाइप त्यांनी परत भरला नाही. वर नुसती फरशी ठेवली. मॅनेजरना म्हणाले, “याच्यातून उंदीर येत न्हाई, साहेब. माझी जबाबदारी.”

याला आता वर्ष होत आलं. मी अजून जालन्यातच आहे, कारण घरी आईला-ताईला पैसे लागतात आणि मला दुसरं काही येत नाही. नळी घेऊन फिरतो. फक्त ते एक वाक्य, पाहिजे तेव्हा काढता येतो, ते मला आता बोलवत नाही. गिऱ्हाईक स्वतःच विचारतं, “काढता येतो का हो?” मी मान डोलावतो. रिकामा पाइप असला की मी भरत नाही, दादा भरतात. दादांनी त्या दिवसानंतर कोणाचाच आवाज काढला नाही. पाइपातून आता नुसतं “एक आला”, “दोन आला”. मला ते जास्त वाईट वाटतं.

मी दिवसातून तीनदा फोन करतो. ताई तिच्या कानाला लावते. मी सांगत बसतो, काय जेवलो, भाकरी खाल्ली, वहिनींनी भात केला, थंडी आहे. पलीकडून काही नाही, श्वासही ऐकू येत नाही. पण ताई म्हणते, शेवटपर्यंत ऐकते, फोन कानापासून काढू देत नाही. प्रत्येक वेळी शेवटी मी म्हणतो, “आये, मी म्हटलेला ता सोड. तू बोल.”

तुमच्यात कोणी शिकलेले असतील, डॉक्टर असतील, असं कुठे ऐकलं असेल तर सांगा. नसेल ऐकलं तरी एवढं वाचलंत, आभारी आहे. केबल नसलेला, दुसरं टोक नसलेला पाइप, आणि न उचललेला फोन. यातून काय होतं ते मला समजत नाही. समजतं ते एवढंच. सासूचं नाही, मुकादमाचं नाही, माझ्या बापाचं नाही, माझ्या आईने जन्मात कोणाचं ऐकून तोंड मिटलं नाही.

माझं तेवढं ऐकलं.